फलकाला मुलांचा हात लागू दे

चि. भाऊ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वर्गाचे फोटो मी मोठे करून, कोपरा न् कोपरा बघितले. फार मेहनत घेतली आहेस. क्रेपची झालर, चमकीच्या वेलबुट्ट्या, थर्माकोलची अक्षरं, सुविचार, पाढे, ऋतू, थोर पुरुष, सगळं एकाच फलकावर. आणि खाली तुझा प्रश्न: ‘केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं, पण मुलं दोन दिवसांत तिकडे बघेनाशी झाली. असं का?’ कौतुक झाल्यावरही हा प्रश्न तुला पडला, याचा मला फार आनंद झाला.

मला दिसतं ते सांगते. त्या फलकावर नजर जाऊन थांबेल असं एकही मोठं काही नाही. आणि मुलांनी स्वतः केलेलं तर काहीच नाही.

म्हणून आधी निम्मं उतरव. जीव तुटेल, तरी उतरव. विशेषतः फळ्याच्या दोन्ही बाजूंचं सगळं काढ. तू शिकवत असताना मुलांची तोंडं त्याच भिंतीकडे असतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या २४ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही धडे भिंती गच्च सजवलेल्या खोलीत शिकवले, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. मोकळ्या खोलीत शिकलेल्या धड्यांवरची उत्तरं सरासरी ५५ टक्के बरोबर आली, सजवलेल्या खोलीतली ४२ टक्के. मुलं थोडी होती, खोली प्रयोगाची होती, तेव्हा यावरून वर्ग ओकाबोका ठेव असं मी म्हणणार नाही. फलक बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर ने आणि समोरची भिंत शांत ठेव, एवढंच.

फलक लावताना त्याची उंची बघ. पहिली-दुसरीच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात आणि आपण फलक टांगतो आपल्या डोळ्यांसमोर. तुझ्या फोटोतला फलक खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलाय. खाली घे. मुलाला बोट ठेवून वाचता आलं पाहिजे.

आता अक्षरं. फलक उठून दिसतो तो अक्षरांनी. शीर्षक एकच ठेव, चार-पाच शब्दांचं, आणि शक्यतो प्रश्नाचं. अक्षर चार इंच उंच घे. आधी पेन्सिलीने शिरोरेखा आख, तिच्यावर वेलांटी-मात्रांसाठी आणि अक्षराखाली उकारांसाठी निम्म्या उंचीएवढी जागा राख. ही जागा न राखल्यामुळेच तुझ्या ‘सुविचार’मधला उकार खालच्या चित्रात घुसलाय. अक्षरं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर काढ आणि काप. तो कागद जाड असतो, फुकट मिळतो. एक गोष्ट काटेकोर पाळ. शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे ल पाकळीचा आणि श देठाचा लिहायचा. संगणकावरून छापून घेतलेल्या अक्षरांत पुष्कळदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. पहिलीचं पोर पुस्तकात एक बघतं, भिंतीवर दुसरं, आणि गोंधळतं.

रंग तीनच पुरेत. पाठीमागे एक फिका किंवा एक गडद, त्यावर उलट रंगाची अक्षरं, आणि नजर ओढायला तिसरा एखाद-दुसऱ्या ठिकाणी. हिरव्यावर लाल लिहू नकोस, ते लांबून बुडून जातं, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारं एखादं मूल वर्गात असू शकतं. पाठीला कागदाऐवजी कापड ताण. आईचं जुनं एकरंगी सुती लुगडं इस्त्री करून लावलंस तर वर्षभर टाचण्या खाईल आणि फाटणार नाही. क्रेप आणि घोटीव कागद आपल्याकडच्या उन्हात लवकर विटतात. थर्माकोल सोडूनच दे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. झालर हवीच असेल तर केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या विणून कर. आपल्या चोपडा तालुक्यात त्याला काय तोटा! पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून फलकाच्या मागे दोन लाकडी पट्ट्या ठोकून वारा खेळेल एवढी फट ठेव.

सामानाचं एवढं पुरे. खरं सांगायचं ते पुढे आहे.

अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढत, ‘छात्रालय दैनिक’. शाळेत शिकवायचं, छात्रालय सांभाळायचं आणि वर रोज नवं लिहायचं. आपल्या खान्देशातल्या शिक्षकाला भिंतीवरच्या लिखाणाचा याहून जवळचा आदर्श मला माहीत नाही. मुलं ते वाचत, कारण त्यात कालचं शिळं नसे. तुला रोज जमणार नाही, पण आठवड्यातून एकदा फलकावर काही तरी बदललेलं दिसलंच पाहिजे. जूनमध्ये लावलेला फलक दिवाळीला तसाच असेल तर मुलं त्याला भिंतच समजतात.

तर या वर्षी एवढंच करून बघ. शाळेजवळच्या कुणा पालकाच्या शेतातलं कपाशीचं एक झाड निवड. त्याला चिंधी बांध. फलकावर शीर्षक लाव, ‘आपली कपाशी आज कशी आहे?’ मधोमध खालून वर जाणारी रिकामी पट्टी आख, फुटपट्टीसारखी सेंटिमीटरच्या खुणा केलेली. दर शुक्रवारी दोन मुलं जाऊन झाड मोजतील, येऊन पट्टीवर खूण करतील आणि बाजूला एका कार्डावर दोन ओळी लिहितील. पानं किती, कीड दिसली का, पाऊस पडला का. सुरुवातीला काही विशेष घडणार नाही. मग पाती, म्हणजे कळ्या, लागतील. आणि एके दिवशी फूल उमलेल तेव्हा रोजच जायला सांग. उमलल्या दिवशी फूल पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होतं. शेतकऱ्याच्या पोरांनी ते शंभरदा पाहिलेलं असतं, पण ‘एकाच झाडाला दोन रंगांची फुलं कशी?’ हा प्रश्न फलकावर लिहून खाली आठ कोरी कार्डं टाचलीस की बघ काय काय उत्तरं येतात. कुणी म्हणेल दोन जातींचं बी होतं, कुणी म्हणेल उन्हाने भाजलं. सगळी लाव. उत्तर तू सांगू नकोस, फुलाच्या देठाला दोरा बांधून उद्या परत बघायला सांग. फुलापासून कैरी, म्हणजे हिरवं बोंड, होऊन ते फुटायला दीड-दोन महिने लागतात. तोवर दिवाळी येईल. तेव्हा पहिल्या वेचणीचा कापूस, सरकीसकट, त्याच पट्टीच्या टोकाला लाव.

या एका फलकात मोजमाप आलं, लेखन आलं, परिसर आला, आणि झालर न लावताही वर्गात शिरणाऱ्याची नजर तिथेच जाईल. फलक म्हणजे गावचा पार, तिथे जो तो काही सांगायला, ऐकायला यायला हवा.

कार्डं लावताना एक पथ्य पाळ, याबद्दल मी आग्रही आहे. फक्त सुंदर अक्षरवाल्या चौघांची कार्डं लावायची नाहीत. ज्याचं अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे त्याचंही लाव, नावासकट, आणि वरच्या रांगेत लाव. शुद्धलेखन टाचण्याआधी त्याच्याजवळ बसून दुरुस्त करून घे, त्याच्याच हाताने. भिंतीवर गेलेल्या कार्डावर लाल पेन चालवू नकोस. गावासमोर चूक दाखवलेलं मूल पुन्हा कार्ड मागायला येत नाही.

तुझ्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत, सातपुड्याच्या बाजूची पावरी बोलणारीही आहेत. कपाशीच्या फलकावर एक बाजू त्यांना दे. पान, फूल, बोंड, पाऊस यांना घरी काय म्हणतात ते त्यांनी लिहायचं. पावरी तुला येत नाही, मग ते पोर त्या दिवशी तुला शिकवेल. वर्गात गप्प असणारं मूल असं बोलतं होताना मी पाहिलंय.

पुढचे विषय तुला सुचतीलच. सप्टेंबरमध्ये बालहुतात्मा शिरीषकुमारचा फलक करशील तेव्हा नुसती तसबीर आणि हार नको. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला काय घडलं, तो किती वर्षांचा होता, आपल्या गावाहून नंदुरबार किती लांब, हे मुलांना शोधू दे. गणिताला चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख घे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, असं त्यात कोरलंय. आपल्याच मातीतलं गणित आहे ते. आणि फेब्रुवारीपासून रोजच्या तापमानाचे रंगीत चौकोन लाव, पस्तिशीच्या आत पिवळा, चाळिशीपर्यंत नारिंगी, त्यापुढे लाल. सकाळची शाळा सुरू होईपर्यंत आलेख आपोआप तयार होतो.

एका वेळी एकच फलक कर. शनिवारी मुलं गेल्यावर जुनं उतरव, आणि वर्गात शेवटच्या मुलाच्या जागी, जमिनीवर बसून बघ. तिथून शीर्षक वाचता आलं तर ठीक, नाही तर अक्षरं पुन्हा काप.

कपाशीच्या शीर्षकाची अक्षरं आधी साध्या कागदावर आखून मला फोटो पाठव. ‘कशी’तला श मी बघते. आणि झाड बांधाच्या कडेचं निवडू नकोस, गुरं खातील. चार ओळी आतलं घे.

तुझी,
मोठ्या बाई