वडील दारू प्यायचे. आता माझी तिशी उलटली तरी करिअर ठरत नाही. एमपीएससी, बी.एड., बँकिंग, तिन्हीकडे पैसे भरले, बी.एड.चं एक सत्र अजून राहिलंय. मला नेमकं काय आवडतं तेच कळत नाही. हा आळस आहे का?

आळस नाही. आळशी माणूस एमपीएससी, बी.एड. आणि बँकिंग असे तिन्हीकडे पैसे भरून दमत नाही. "मला नेमकं काय आवडतं तेच कळत नाही" हे तुमचं वाक्य मात्र ओळखीचं वाटलं. मीही दारूच्याच घरातला, अमळनेरकडचा.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी लुनाचा आवाज आला की माय म्हणायची, "चूप बसा, तुमना बाप उना." स्टँड एका लाथेत लागला तर आज निभावलं. दोन-तीनदा पाय घसरला तर वह्या उचलून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. त्यात दर मार्गशीर्षात "यंदा सारंगखेड्याला घोडे बघायला नेतो" हे ठरलेलं. नेलं कधीच नाही. अशा घरातलं पोर बापाचा मूड ओळखण्यात तरबेज होतं आणि स्वतःसाठी काही मागणं सोडून देतं. त्या वयात ते शहाणपणच असतं.

तिशीत तेच नडतं. कलचाचणीतसुद्धा आपण समोरच्याला बरं वाटेल तेच उत्तर देतो. चुकलं तर घरात भडका उडेल ही धास्ती जात नाही, म्हणून फॉर्म सगळे भरायचे आणि परीक्षेच्या दिवशी पोट दुखायचं. (सगळीच पोरं अशी होत नाहीत. माझी धाकटी बहीण बारावीनंतर सरळ नर्सिंगला गेली, मागे वळून पाहिलं नाही.)

'आवड शोधा' हा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. मी ठिबकच्या दुकानात एका हंगामापुरतं काम धरलं. हंगाम संपेपर्यंत सोडायचं नाही आणि तोवर घरी कुणाला 'कसं वाटतं' म्हणून विचारायचं नाही, एवढंच ठरवलं. केळीच्या बागेत शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचतं का ते बघत फिरणं मला आवडतं, बिलं करणं नाही, हे तिथेच कळलं. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर नोकरी सोडून असले प्रयोग करू नका, सुट्टीत करा.

बोलायला माणूस हवा असेल तर अल-अनॉन हा मदतगट आहे. दारुड्यांच्या घरच्यांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेलं. वडील सुधारले की नाही, हयात आहेत की नाही, याने फरक पडत नाही आणि फीही नाही. जवळपास गट नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं.

बी.एड.चं एकच सत्र राहिलंय म्हणता. आधी तेवढं उरका. शिक्षक व्हायचं की नाही ते त्यानंतर बघा.