सिस्टर रागावतात म्हणून आई खरं सांगत नाही

"आई घरात एक सांगते आणि दवाखान्यात सिस्टरांपुढं दुसरंच. डोस वाढत चाललाय, साखर काही उतरत नाही. मी मध्ये बोललो तर ती घरी येऊन भांडते. काय करू?" वयस्कर आईवडिलांना मधुमेह असलेली मुलं हा प्रश्न सारखा विचारतात. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका घरातली ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी सत्तरीच्या पुढच्या. ३०/७० इन्सुलिन, म्हणजे लवकर आणि सावकाश चालणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, सकाळी १८ आणि संध्याकाळी १२ युनिट. वहीत उपाशीपोटीचे आकडे ११८, १२४, १२१ असे देखणे. एचबीए१सी ही रक्ततपासणी मात्र ९.२, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २१५च्या पुढं. दोन्ही खरं असणं अवघड. नव्या सिस्टरांनी वही चाळली तेव्हा पंधरा दिवसांचे आकडे एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेले दिसले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "आजी, सुई सगळ्यांचीच चुकते. गेल्या आठवड्यात तुमची किती वेळा चुकली?"

"सुई चुकली का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "किती वेळा" विचारलं की माणूस मोजायला लागतो. आजी म्हणाल्या, "संध्याकाळची मी घेतच न्हाई म्हणा की."

कारण आळस नव्हता. काही महिन्यांपूर्वी मध्यरात्री दरदरून घाम, हातपाय थरथर. उठून त्यांनी गुळाचा खडा खाल्ला, बरं वाटलं. पुढच्या तपासणीला हे सांगितलं, तर ऐकणाऱ्यानं पहिलं वाक्य टाकलं : "साखर असताना गूळ खाल्ला?" त्या रात्री साखर फार खाली गेली होती, गूळ हेच औषध होतं. त्यावरच बोलणी बसली, तेव्हापासून आजींनी घामही सांगितला नाही आणि सुईही. "काय सांगू त्यास्नी? वरडत्यात." डॉक्टरांना वाटलं डोस पुरत नाही, म्हणून वाढवला. हा वाढलेला डोस एखाद्या दिवशी लेकीकडं गेल्यावर कुणी नेमानं पूर्ण टोचला असता, तर काय झालं असतं ते सांगायला नको.

त्या रात्री साखर एवढी कशामुळं उतरली, तेही निघालं. सुई सातला, मुलगा दुकानातून येणार नऊला आणि त्याच्याशिवाय आजी जेवणार नाहीत. हे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. आता ताट वाढायच्या अर्धा तास आधी सुई, आणि मुलाला उशीर असेल तर आजींनी आधी जेवायचं. या दुसऱ्या अटीला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग सिस्टरांनी सुई टोचून दाखवायला सांगितली. हे प्रत्येकाकडून करून घ्यावं, तोंडी विचारून कळत नाही. आजी रोज बेंबीच्या उजवीकडं एकाच जागी टोचत होत्या, कारण तिथं दुखत नाही. तिथं बोटाला लागेल अशी मऊ गाठ झाली होती. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं. जागा बदलायची, पण ताज्या कातडीतून तोच डोस जोरात लागू पडतो. म्हणून डॉक्टरांना विचारून आधी डोस कमी केला, मग जागा बदलली. सिरिंजही पाहिली : मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाचीच हवी. नारिंगी टोपणाची मिलिलिटरला १०० युनिटवाल्या इन्सुलिनची असते, तिच्यावर १२ची रेघ धरली तर पाच युनिटसुद्धा जात नाहीत.

उशाशी आता गुळाऐवजी साखरेचा डबा. कवळीनं गुळाचा खडा पटकन फुटत नाही. घाम, थरथर, अचानक भूक आली की साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर भाकरी-बिस्किट काहीतरी पोटात. यंत्र हाताशी नसेल तर न तपासताच साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

मुलाला सांगितलं ते एवढंच : यंत्राची मेमरी काढून आईला पकडायचं नाही. दवाखान्यात जाताना बाटली, सिरिंज, यंत्र आणि वही एका पिशवीत न्यायची, आणि सिस्टर आईला विचारतील तेव्हा आईलाच बोलू द्यायचं. वहीत सुईची वेळ, जेवणाची वेळ, आकडा आणि "काय वाटलं" असे चार रकाने. आकड्याखाली लाल रेघ मारायची नाही.

पहिल्या पंधरवड्यात वहीत १९०, २१०, १७६ असे आकडे आले आणि मुलगा घाबरला. आकडे आधीही असेच होते, फक्त लिहिले जात नव्हते. डॉक्टर आता यांवरूनच डोस ठरवतील. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा. त्याआधी केली तर जुनाच काळ त्यात मिसळलेला दिसेल. या वयात ७च्या खाली आणण्याचा हट्टही नको. रात्री साखर उतरणाऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा ८च्या आसपासचं लक्ष्य देतात. तुमच्या आईसाठी किती, ते त्यांनाच विचारा.