कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या फोटोंत वाळवंटभर दिसणारी पिवळी फुलं कोणती?

बहुतेक डेझर्ट गोल्ड, शास्त्रीय नाव गेरेया कॅनेसेन्स, सूर्यफुलाच्याच कुळातलं. हे एका हंगामाचं झाड, पण दरवर्षी असं फुलत नाही. बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि हिवाळ्याच्या आगेमागे जमीन चांगली भिजली तरच रुजतं. २०१५च्या ऑक्टोबरात तिथे जोरदार पाऊस झाला, म्हणून २०१६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खोरं पिवळंधमक झालं. व्हायरल फोटोंतले काही तेव्हाचे असू शकतात. फोटो मोठा करून बघा: मधे गडद पिवळी चकती, भोवती टोकाला दाते असलेल्या पाकळ्या, देठावर पांढरी लव. पाकळ्या चारच असतील तर मात्र ती बहुधा इव्हनिंग प्रिमरोज. तीही तिथे पिवळीच फुलते, कूळ वेगळं.