एकाच बोटीच्या दोन जाती: बॅरीला येणाऱ्या कुटुंबासाठी

तुम्ही पुण्याहून सहकुटुंब कॅनडातल्या बॅरीला येताय, आणि इथल्या लेक सिमको या सरोवरावर फिरायला सेकंडहँड बोट घ्यायचं मनात आहे. सी रे या कंपनीची एसपीएक्स १९० की तिचीच १९० ओबी (म्हणजे आउटबोर्ड), हा तुमचा प्रश्न. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. पण १९० मध्ये इंजिन मागच्या सीटजवळ झाकणाखाली असतं आणि नुसता ड्राइव्ह, म्हणजे पंखा फिरवणारा भाग, पाण्यात उतरतो. ओबीचं अख्खं इंजिन मागे बाहेर टांगलेलं.

माझं मत विचाराल तर ओबी घ्या. कारण एकच, इथला हिवाळा.

सिमको गोठतं. लोक त्यावर झोपड्या मांडून, बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की आतलं पाणी आपसूक निथळतं. गिअर ऑइल बदला, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घाला, बरंचसं काम घरच्या घरी उरकतं. झाकणाखालच्या इंजिनात मात्र पाणी अडून राहतं. ते प्लग उघडून काढायचं, आणि कधी कधी प्लग काढूनही थेंब येत नाही, कारण भोकाशी गंज आणि गाळ बसलेला असतो. तिथे तार घालून टोचावं लागतं. राहिलंच पाणी, तर ते गोठताना फुगतं आणि इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागाला, ब्लॉकला, तडा जातो. मग दुरुस्तीचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. शिवाय ड्राइव्हच्या जोडावर घड्यांची रबरी आवरणं, म्हणजे बेलोज, असतात. ते फाटले की पाणी थेट बोटीत. हाताने दाबून, घड्यांत चिरा आहेत का ते बघाच.

आणखी एक: पेट्रोल इंजिन बंदिस्त जागेत असलं की सुरू करण्याआधी किमान ४ मिनिटं ब्लोअर, म्हणजे साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवणं आलं. मुलं लाइफजॅकेट घालून "बाबा, चला ना" करत असताना ही ४ मिनिटं फार लांबतात, म्हणून टाळली जातात. टाळू नका.

१९० ची जमेची बाजू म्हणजे मागचा सलग प्लॅटफॉर्म. मुलं ओळीने पाय सोडून बसतात, उड्या मारतात. ओबीत मधे इंजिन येतं, जागा दोन बाजूंना विभागली जाते. तुमच्याकडे सगळा पोहण्याचाच कार्यक्रम असेल, तर हे जाणवेल. बोट कुठलीही असो, कुणी पाण्यात किंवा प्लॅटफॉर्मवर असताना इंजिन बंद. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कागदांचं थोडक्यात. बोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे ऑपरेटर कार्ड हवं. परीक्षा सोपी, कार्ड आजन्म चालतं. १० हॉर्सपॉवर किंवा त्यावरच्या इंजिनाच्या बोटीला वेगळं लायसन्स लागतं, त्याचा नंबर बोटीच्या दोन्ही बाजूंना लिहिलेला असतो. तो विक्रेत्याच्या कागदांशी ताडून पाहा, आणि बोटीवर कर्ज आहे का याचा शोध घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. लाइफजॅकेट तिकडून आणू नका. इथे कॅनडात मान्य असलेलीच चालतात, आणि मुलांना त्यांच्या मापाची लागतात.

बोट पाहायला जाताना मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचं असतं, म्हणून गरम लागलं तर दुसरा दिवस ठरवा.