जहाजावरची पंगत : क्रूझला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

यंदा क्रूझविषयी जी पत्रं आली त्यांतली बहुतेक जेवणाचीच आहेत. कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला निघालंय, बरेच जण सिंगापूरहून पिनांग-फुकेतची फेरी करणार आहेत, काही कुटुंबं युरोपात भूमध्य समुद्रात. मुंबईहून सुटणाऱ्या फेरीत भारतीय आणि जैन जेवण सहज मिळतं, त्यामुळे खालची उत्तरं मुख्यतः परदेशी जहाजांना धरून आहेत. दर आणि नियम कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तिकिटासोबत आलेली नियमावली एकदा बघाच.

आम्ही पक्के शाकाहारी आहोत, अंडंही चालत नाही. एजंट म्हणतो, ‘व्हेज मिळतं, काळजी नको.’ एवढ्यावर विसंबावं का? (ठाणे)

नाही. जहाजाच्या स्वयंपाकघरात ‘व्हेजिटेरियन’चा अर्थ बहुधा एवढाच असतो, की ताटात मांस किंवा मासळीचा तुकडा दिसणार नाही. अंडं त्यात धरलेलंच असतं. लपलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. भाज्यांच्या सुपाला आणि रिझोटो या इटालियन भाताला कोंबडीच्या हाडांचा अर्क असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची मासळी वाटलेली असते. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. मूस, पन्ना कोट्टा, न भाजलेलं चीजकेक या गोड पदार्थांत अनेकदा जिलेटीन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट, टॉम यम या थाई सुपात माशाचा सॉस. ताजा पास्ता अंड्यात मळतात, वाळवलेल्या पास्त्यात सहसा अंडं नसतं. पावाची तकाकी अनेकदा अंड्याच्या हातामुळे आलेली असते. आणि फ्रेंच फ्राइज निव्वळ बटाट्याचे असले तरी ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात तळलेले असू शकतात. हे सगळं नावं घेऊन विचारायचं. ‘इज इट व्हेज?’ एवढं विचारलं, की उत्तर ‘येस’च येणार.

जहाज भर समुद्रात असताना बाजारातून काही आणता येत नाही, साठा बंदरातच चढतो. म्हणून बुकिंग करतानाच, निदान दोन-तीन महिने आधी, विशेष आहाराचा अर्ज भरा. त्यात ‘इंडियन व्हेजिटेरियन, अंडं नाही’ असं स्पष्ट हवं. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा आणि बाकीचे कंद एकेक नाव घेऊन लिहा, कारण ‘जैन’ हा शब्द प्रत्येक आचाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. कंपनीकडून लेखी पोच मागा आणि तिची छापील प्रत जवळ ठेवा.

चढल्याच्या दिवशी दुपारीच मुख्य डायनिंग रूमच्या प्रमुखाला, म्हणजे ‘मेत्र दी’ला, भेटून ती पोच दाखवा. मग रोज रात्री जेवण संपताना हेड वेटरकडून दुसऱ्या दिवशीचा मेनू मागून घ्या आणि उद्याच्या जेवणाची ऑर्डर तेव्हाच द्या. मोठ्या कंपन्यांत पथ्याच्या प्रवाशांसाठी ही सोय असते, पण ती मागावी लागते. डाळ-भात, एखादी सुकी भाजी, पोळी किंवा नान असं साधं काही आदल्या रात्री सांगितलं तर बहुधा होतं. ऐनवेळी टेबलावर बसून सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात, आणि मग ‘क्रूझवर काही मिळत नाही’ असा बोभाटा होतो.

आता जिथे बिनसतं ती जागा. तुमची नोंद टेबल आणि वेटर यांच्याशी जोडलेली असते. ‘कधीही या, कुठेही बसा’ ही पद्धत निवडली, की रोज नवा वेटर आणि रोज पहिल्यापासून रामायण. म्हणून काटेकोर शाकाहाऱ्यांनी ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबलच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून वेटर न सांगता लक्ष ठेवतो. गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर स्वयंपाकघरात आणि डायनिंग रूममध्ये काम करत आली आहेत. छातीवरच्या बिल्ल्यावर नावासोबत देशाचं नाव असतं, ते वाचा. कोकणीत-मराठीत दोन शब्द बोलता आले तर रेनेट म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही.

रात्रीच्या जेवणाची लवकरची पाळी घ्यावी की उशिराची? बरोबर दोन लहान मुलं आणि मधुमेह असलेले सासरे आहेत. (पुणे)

लवकरची. ही पाळी साधारण साडेपाच ते सहाला बसते, उशिराची आठ ते साडेआठला. तीन टप्प्यांचं जेवण दीड ते दोन तास चालतं, म्हणजे उशिराच्या पाळीत गोड पदार्थ येईपर्यंत दहा वाजतात आणि मुलं खुर्चीतच पेंगतात. मुलांचं जेवण आधी आणायला सांगा, वेटर लगेच सोय करतो.

सासऱ्यांची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असेल तर डोस टेबलावर बसून पहिला पदार्थ समोर आल्यावरच घ्यावा. किती आधी चालेल ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. डोस आधी घेतला आणि ताट यायला अर्धा तास लागला, की साखर उतरते. पाव आणि लोणी बसल्याबसल्या येतं, तेवढा आधार असतो. केबिनमधला छोटा फ्रिज बहुधा पेयं गार ठेवण्यापुरताच असतो, इन्सुलिनला लागणारं २ ते ८ अंश तापमान तो राखेलच असं नाही. जहाजावरच्या दवाखान्यात किंवा रिसेप्शनवर सांगून औषधाच्या फ्रिजची सोय करून घ्या. औषधं मोठ्या बॅगेत ठेवू नका. ती बॅग हमालाकडे दिल्यावर केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होऊ शकते.

प्रवासात संकष्टी येते आहे. उपवासाचं काय मिळेल? चंद्रोदय कसा बघायचा? (नाशिक)

साबुदाणा आणि वरी विसरा. फळं, दूध, साधं दही, भाजलेला अख्खा बटाटा आणि लोणी, अक्रोड-बदाम एवढं मिळतं. बटाटा आदल्या रात्री सांगून ठेवा, नाहीतर त्यावर चीज आणि बेकनचा चुरा येतो. दही मागताना ‘प्लेन’ म्हणा, फळांच्या दह्यात जिलेटीन असू शकतं. सैंधव आणि राजगिऱ्याचे लाडू कंपनीच्या बंद पाकिटातले न्या.

चंद्रोदय मुंबईच्या पंचांगावरून धरू नका. पंचांगाच्या ॲपमध्ये जहाज त्या दिवशी जिथे असेल त्या जवळचं शहर घाला. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि त्या घड्याळाने संकष्टीचा चंद्रोदय साडेनऊ-दहाच्या सुमाराला किंवा त्याहूनही पुढे जातो. मुख्य डायनिंग रूमची शेवटची पाळी तोवर बसून गेलेली असते. त्यामुळे ताट झाकून केबिनमध्ये पाठवायला सकाळीच सांगा, किंवा रात्री उशिरापर्यंत चालू असणारा कॅफे कुठला ते बघून ठेवा.

निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही लावायचं नाही. केबिनमध्ये धूर ओळखणारं यंत्र असतं आणि जहाजावर आगीसारखा धोका दुसरा नाही. बॅटरीचा दिवा चालतो. अर्घ्य द्यायचं तर ताम्हनात. फुलं, अक्षता, नारळ समुद्रात सोडायचं नाही. जहाजावरून पाण्यात काहीही टाकायला प्रवाशांना सक्त मनाई असते.

घरचा खाऊ नेता येतो का? छोटी किटली? (सोलापूर)

घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत. शेंगाचटणी घरची असेल तर तीही त्यात आली. कारखान्यात सीलबंद केलेलं कोरडं खाणं साधारण चालतं. किटली, इस्त्री, राइस कुकर, विजेची शेगडी तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही जातो. गरम पाणी बुफेच्या चहा-कॉफीच्या जागी मिळतं, पाकिटातल्या उपम्याला तेवढं पुरतं. उतरताना बुफेतलं सफरचंद किंवा सँडविच पर्समध्ये घालून बंदरावर नेऊ नका. अनेक देशांत फळं आणि मांस आणायला बंदी आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर जबर दंड बसतो.

तिकिटात जेवण धरलेलं आहे, तरी शेवटी मोठं बिल येतं म्हणतात. कशाचं? (कोल्हापूर)

सगळ्यात मोठा आकडा टिपचा. अमेरिकी कंपन्या दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप तुमच्या जहाजावरच्या खर्चाच्या खात्यात टाकतात, बहुतेक ठिकाणी मुलांचेही. चौघांचं कुटुंब, सात रात्री आणि १८ डॉलर धरले तर ५०४ डॉलर झाले. हे तिकिटाच्या वेळीच भरता येतात. भरून टाका, म्हणजे शेवटच्या रात्री पोटात गोळा येत नाही.

मुख्य डायनिंग रूम आणि बुफे तिकिटात असतात. तिथे दोन स्टार्टर किंवा दोन गोड पदार्थ मागितले तरी सहसा जादा आकार नाही. पदार्थ आवडला नाही तर बदलून मागा, कुणी भुवया उंचावत नाही. स्टेक, सुशी, इटालियन अशी खास रेस्टॉरंटं वेगळे पैसे घेतात. पाणी, साधा चहा-कॉफी आणि न्याहारीचे रस फुकट. डबाबंद शीतपेयं, बाटलीतलं पाणी आणि एस्प्रेसोची कॉफी विकत, वर १८ ते २० टक्के सेवा आकार. बाटलीतल्या पाण्याची गरज नाही. नळाचं पाणी बहुधा समुद्राचंच, पण क्षार काढून क्लोरीन घातलेलं, पिण्याजोगं असतं. फक्त आपली बाटली नळाच्या तोंडाला टेकवू नका, पेल्यातून ओता.

दारूचं पॅकेज घेताना नियम वाचा. एका केबिनमधल्या एकाने घेतलं, तर तिथल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं लागतं, असं अनेक कंपन्यांत आहे. आणि खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी अंदाजाने रक्कम अडकवून ठेवते, ती सुटायला पुढे काही दिवस जातात.

मला बोट लागते. काय खावं? (रत्नागिरी)

रिकाम्या पोटी राहू नका, तसं राहिलं की जास्त लागते. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आल्याचा तुकडा. तेलकट आणि दारू टाळा. केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हालचाल सर्वांत कमी. मुख्य डायनिंग रूम अनेक जहाजांवर मागच्या टोकाला असते आणि तिथे थरथर जाणवते. त्रास सुरू झाल्यावर तिथे बसण्याऐवजी डेकवर क्षितिजाकडे बघत बसा, जेवण केबिनमध्ये मागवा. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर ती पोटात टिकत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मलाक्काची सामुद्रधुनी बरीच शांत असते. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर लाटा उठतात, आणि आपल्या अरबी समुद्राचा पावसाळ्यातला स्वभाव तुम्हाला सांगायला नको.

उलट्यांबरोबर जुलाब होत असतील तर ती बोट नव्हे. नोरोव्हायरस असू शकतो. लपवू नका, दवाखान्याला फोन करा. थांबल्यावरही एक-दोन दिवस केबिनमध्ये राहायला सांगतील. हा विषाणू सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. बुफेच्या दारात कुणी हातावर जेल दिलं तरी त्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुतलेले हवेत. बुफेतला चमचा शेकडो हातांतून जातो, तेव्हा ताट वाढून घेतल्यावर, खाण्याआधी, पुन्हा हात धुणं शहाणपणाचं.

फॉर्मल नाइटला साडी चालते का? (डोंबिवली)

उत्तम चालते. पुरुषांना बंदगळा किंवा कुर्ता-जाकीटही. इस्त्री नसते, म्हणून सुती नको. क्रेप किंवा जॉर्जेट न्या. हलत्या जहाजावर जिन्याने जायचं असेल तर उंच टाचा टाळा. सात रात्रींच्या फेरीत अशा रात्री साधारण दोन असतात, छोट्या फेरीत एक. नटायचं नसेल तर बुफे उघडाच असतो. पोहण्याच्या कपड्यांत आणि बनियनवर मात्र कुठल्याच रात्री डायनिंग रूममध्ये घेत नाहीत.

बंदरावर उतरल्यावर जहाज चुकू नये म्हणून काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे, आणि फुकेतला पोचल्यावर जहाज आपलं घड्याळ बदलतं की नाही ते त्या फेरीवर ठरतं. फोन मात्र आपोआप बदलतो. त्यामुळे साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. मोठी जहाजं तिथे बहुधा किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात, तेव्हा जहाज आणि किनारा यांत ने-आण करणारी शेवटची छोटी बोट (टेंडर) कितीची हे उतरतानाच विचारा. ती चुकली तर जहाज समोर दिसत असूनही उपयोग नाही. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची फोटोप्रत खिशात असू द्या.

शेवटच्या रात्रीचं तेवढं सांगायचं राहिलं. मोठ्या बॅगा साधारण अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, चप्पल आणि औषधं त्यात बांधू नका. त्या दिवशी न्याहारी लवकर आटोपतात, पथ्याची ऑर्डर आदल्या रात्रीच देऊन ठेवा.