देव, देह आणि साबुदाण्याची खिचडी

चातुर्मास सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी शेजाऱ्यांची गळकी मोरी आणि सोसायटीच्या सभा यांविषयी विचारणारे वाचक आषाढी एकादशीपासून देव आणि डॉक्टर यांना एकाच पाकिटात घालून पाठवू लागतात. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, उजव्या गुडघ्याने जेरीस आणलेली आणि तरीही मंगळवारी प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला जाणारी बाई आहे, एवढे ध्यानात ठेवून ही उत्तरे वाचावीत.

माझ्या यजमानांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. घरात चालत आलेल्या एकादश्या सोडायला ते तयार नाहीत. द्वादशीच्या सकाळी घरच्या यंत्रावर साखर नेहमीपेक्षा जास्तच दिसते. “दिवसभर उपाशी राहूनही साखर वाढते, म्हणजे यंत्रच बिघडले आहे,” असे त्यांचे म्हणणे आहे. नवे यंत्र घ्यावे काय? — एक वाचक भगिनी, दादर

ताई, यंत्रावर पैसे घालवण्यापूर्वी एकादशीच्या दिवशी स्वयंपाकघरात काय काय शिजते, ते एकदा कागदावर लिहून काढा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता चहाबरोबर केळ्याचे वेफर्स आणि रात्री रताळ्याच्या गोड फोडी, असा बेत असेल, तर यंत्र अगदी खरे बोलते आहे. “एकादशी अन् दुप्पट खाशी” ही म्हण ज्यांनी केली, त्यांच्याकडे साखर मोजण्याचे यंत्र नव्हते, पण नजर होती.

साबुदाणा हा दाणा नव्हेच. टॅपिओका नावाच्या कंदाचा पिठूळ अंश धुऊन, वाळवून त्याच्या गोळ्या केलेल्या असतात आणि आपल्याकडे येणारा बहुतेक माल तमिळनाडूतील सेलमच्या बाजूचा असतो. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते. प्रथिने आणि चोथा नावालाही नसतात. असे पिष्ट पोटात गेले की त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही.

आता एक गंमत सांगते, ती यजमानांना खिचडी वाढतानाच सांगा. टॅपिओकाचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिकेतलीच. रताळे आणि राजगिरा यांचे माहेरही तेच. पोर्तुगीजांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतर या वस्तू हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात शिरल्या. नामदेवांनी १३५० साली देह ठेवला, तेव्हा पंढरपुरात यांतला एकही जिन्नस मिळत नव्हता. म्हणजे ज्या खिचडीला हात लावला नाही तर एकादशी मोडेल असे आपल्याला वाटते, तिच्यात आपल्या मातीतले म्हणावे असे जिरे आणि तूप तेवढे उरते. परंपरा मोडायची नाही असा यजमानांचा आग्रह असेल, तर त्यांना याहून जुनी परंपरा दाखवता येईल: फळ, दूध, ताक आणि भगर.

भगरीतही पिष्ट आहेच, परंतु तिच्यात थोडा चोथा असतो. दाण्याच्या आमटीबरोबर आणि दह्याबरोबर अर्धी वाटी खाल्ली तर पोट भरते आणि साखर त्या मानाने सावकाश चढते. भगरीचे सुटे, जुने पीठ मात्र आणू नका. सणासुदीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुधा त्याच्या असतात.

गोळ्यांचा भाग याहून महत्त्वाचा आहे, कारण तिथे थट्टा चालत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. यजमान खरोखरच निर्जळी करणारे असतील आणि अशी गोळी किंवा इन्शुलिनची सुई नेहमीप्रमाणे घेत असतील, तर साखर ७० च्या खाली उतरू शकते: हात कापू लागतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शांत माणूस विनाकारण चिडचिड करू लागतो. त्या क्षणी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी (साखर उपवासाला चालते, तेव्हा तेवढ्यापुरता धर्मही सांभाळला जातो), आणि पुढच्या एकादशीआधी कोणती गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. वर्षाला २४ एकादश्या असतात, अधिक मास आला तर २६. एवढ्या वेळा जुगार खेळणे बरे नव्हे.

यजमान तरीही यंत्रालाच दोष देत राहिले, तर एचबीए१सी नावाची तपासणी करून घ्या. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चढलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी कितीही सोवळे पाळले, तरी ती फसत नाही. आमच्या घरात तिला चित्रगुप्ताची वही म्हणतात.

सुनेने मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधले आहे आणि रोज १०,००० पावले झालीच पाहिजेत असा तिचा दंडक आहे. दर शनिवारी मी मारुतीला १०८ प्रदक्षिणा घालतो. घड्याळ त्यांतल्या निम्म्याही धरत नाही. उलट आरतीला एका जागी उभा असताना मात्र पावले भराभर वाढतात. हा काय प्रकार आहे? आणि देवाच्या प्रदक्षिणा व्यायामात धराव्यात का? — एक आजोबा, गिरगाव

आजोबा, हे घड्याळ तुमच्या पायांकडे पाहतच नाही. ते मनगटाच्या हेलकाव्यांवरून पावलांचा अंदाज बांधते. प्रदक्षिणा घालताना तुम्ही हात जोडलेले असणार, म्हणजे मनगट स्थिर राहते आणि घड्याळाला वाटते की आजोबा बसले आहेत. आरतीत टाळ्या सुरू झाल्या की त्याला वाटते, आजोबा धावत सुटले. माझ्या घड्याळाने गणेशोत्सवात घरच्या पाटापुढे उभ्या उभ्या मला बरीच पावले मिळवून दिली होती आणि ती मी निर्लज्जपणे मैत्रिणींना दाखवली होती.

१०,००० या आकड्यापुढे सुनेने फार नमते घेण्याचे कारण नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक उपकरण विक्रीला आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. तो कोणा ऋषीने सांगितलेला नाही, तसा वैद्यकाच्या प्रयोगातूनही निघालेला नाही. तुमच्या वयाला रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालणे पुष्कळ झाले.

प्रदक्षिणा व्यायामात धराव्यात का, याविषयी माझे मत जरा कर्मठ आहे. पायांना फायदा होतो, तो होऊ द्या. पण सुनेला दाखवण्याच्या हिशेबात शनिवार धरू नका. मी दादर स्थानकावर उतरून प्रभादेवीपर्यंत चालत जाते, तेव्हा जातानाची पावले गणपतीची आणि येतानाची माझी, असा करार केलेला आहे. अंगारकीच्या आदल्या रात्री दूरच्या उपनगरांतून अनवाणी चालत येणारी तरुण मंडळी असा करार करत नाहीत, त्यांची पावले सगळी गणपतीचीच असतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र त्यांचे पाहून चपला काढू नयेत. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

माझ्या सासूबाईंच्या पायाचे हाड मोडले होते. त्यांनी शेजारणीबरोबर वांद्र्याला जाऊन मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चात, मेणाचा पाय वाहिला. त्याच महिन्यात व्यायामोपचारही सुरू होते. आता त्या काठीशिवाय चालतात आणि सगळे श्रेय माउलीला देतात. व्यायाम करून घेणारी मुलगी मात्र हिरमुसली आहे. श्रेय कोणाचे मानावे? — एक सून, विलेपार्ले

वांद्र्याच्या टेकडीवर मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरेसुद्धा विकायला बसलेल्या बायका मी लहानपणापासून पाहते आहे. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिथली जत्रा सुरू होते आणि रांगेत नऊवारीपासून बुरख्यापर्यंत सगळे उभे असतात. तुमच्या सासूबाई तिथे गेल्या यात मुंबईला तरी नवल वाटणार नाही.

श्रेयाचा प्रश्न मात्र जुना आहे आणि आपल्या भाषेने तो कधीच मिटवून टाकला आहे. ज्या रोगाने चेहऱ्यावर व्रण पडत, त्या रोगाला मराठीत ‘देवी’ म्हणत. मुलाला रोग झाला की ‘देवी आल्या’, आणि रोग होऊ नये म्हणून लस घेतली की ‘देवी टोचल्या’. कोप करणारीही देवी आणि सुईतून येणारीही देवी. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली देवीची लस टोचण्यात आली. पुढे पावणेदोनशे वर्षे लोक माहीमच्या शीतळादेवीपुढे दहीभात ठेवत राहिले आणि दंडावर लसही टोचून घेत राहिले. माझ्या दंडावर तो वाटोळा व्रण आजही आहे. टोचून आणल्यावर आई मला थेट माहीमला घेऊन गेली होती आणि तिला या दोन गोष्टींत काही विसंगत वाटले नव्हते. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही, १९८० साली जगातूनच रोग गेल्याचे जाहीर झाले. देऊळ जागच्या जागी आहे आणि तिथे आजही मुले पायांवर घालायला आणतात.

श्रद्धा फक्त देवळातच असते असेही समजू नका. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग फुटला, तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस उलटली तर काय, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे मला वाटत नाही. परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमधली त्यांच्या नावाची संस्था पाहिली की मी मनातल्या मनात हात जोडते.

तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नका. हाड जुळवले ते शरीराने, स्नायूंत बळ आणले ते त्या मुलीने, आणि दुखत असताना रोज पाय उचलण्याचा धीर कुठून आला, हे सासूबाईंनाच ठाऊक. पण त्या मुलीला घरी बोलावून जेवू घाला. सासूबाईंच्या हातची पुरणपोळी तिच्या पानात पडली, तर माउलीला राग येणार नाही.

देवळात दिलेला पेढा मधुमेही माणसाने नाकारला तर दोष लागतो का? — एक वाचक, घाटकोपर

कणभर घ्यावा, कपाळाला लावावा आणि उरलेला शेजारच्या मुलाला द्यावा. प्रसाद कणानेच घ्यायचा असतो. वाटीभर शिऱ्याला प्रसाद म्हणणे ही आपली लबाडी आहे. संकष्टीला रात्री साडेनऊला चंद्रोदय पाहून पाच मोदक खाणाऱ्या आणि मग मध्यरात्री छातीतल्या जळजळीने उठून बसणाऱ्या आमच्या घरातल्या एका गृहस्थांनाही हेच उत्तर लागू आहे. पावसाळ्यात तर चंद्र दिसतही नाही; भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली वेळ पाहून ते मोदक उचलतात.

मी रोज सकाळी वहीत रामनाम लिहितो. त्याच वहीच्या मागच्या बाजूने, वही उलटी करून, रक्तदाबाचे आकडे टिपतो. जपानंतर मोजला की दाब १३० च्या आत असतो. संध्याकाळी कार्यालयातून आल्या आल्या मोजला की १५० च्या वर जातो. डॉक्टरांना मी सकाळचेच आकडे दाखवतो, कारण ते रामाच्या कृपेचे आहेत. यात काही चूक आहे का? — एक वाचक, भांडुप

चूक रामनामात नाही, आकडे निवडण्यात आहे. दाब मोजण्यापूर्वी निदान पाच मिनिटे गप्प बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीला असावा आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नसावी, असा नियम आहे. तुमचा जप हा नियम आपोआप पाळून घेतो, म्हणून सकाळचा आकडा विश्वासाचा आहे. संध्याकाळी मात्र तुम्ही दादरला जलद गाडी पकडून, दारात लोंबकळत भांडुपला उतरता, जिना चढता आणि बूट काढण्याआधी दंडाला पट्टा गुंडाळता. त्या वेळी साक्षात मारुतीचाही दाब वाढलेला निघेल.

म्हणून संध्याकाळीही हातपाय धुऊन, पाच मिनिटे बसून मोजा. तरीही आकडा १४० च्या वर राहिला, तर तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा. सत्यवचनी म्हणून ज्याची ख्याती आहे, त्याचे नाव लिहिलेल्या वहीत निम्मे आकडे लपवणे शोभत नाही. गोळी चालू असेल तर जपामुळे ती बंद करू नका आणि गोळीमुळे जपही बंद करू नका.

वहीच्या दोन्ही बाजू लवकरच मधल्या पानावर भेटतील. पुढची वही २०० पानी घ्या, आणि मागच्या बाजूला तारखेबरोबर वेळही लिहीत जा.