शाळेच्या फाटकापाशी मराठी नको

"मुलगी बारा वर्षांची, जन्म इथलाच. शाळेच्या फाटकापाशी मराठीत हाक मारली की मान फिरवते, घरीही इंग्रजीतच उत्तर देते. तिला आमची लाज वाटते का?" स्लाऊमधल्या एका आईचा हा प्रश्न. ब्रिटनमधल्या मराठी घरांतून तो वरचेवर येतो, बहुतेकदा मूल अकराव्या वर्षी सेकंडरी शाळेत गेल्यावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलीशी एकटीशी बोलल्यावर वेगळंच कळलं. नाव विचारलं तर तिने शाळेतलं सांगितलं: 'ण'चा 'न' केलेला, शेवटचा स्वर गिळलेला. "आजी कशी हाक मारते?" असं विचारल्यावर जरा थांबली आणि 'ण' अगदी स्वच्छ उच्चारला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना शिक्षक नावावर अडखळले, वर्ग हसला, तेव्हापासून तिनेच नाव सोपं करून टाकलं होतं. मग पुण्याची सुट्टी. ती 'मी गेलो' म्हणाली आणि चुलत भावंडांनी दिवसभर नक्कल केली. हसले सगळे प्रेमानेच, पण त्यानंतर ती मराठीत बोलेनाशी झाली. आईवडिलांची लाज कुठेच नव्हती. तिकडे आपण इंग्रज ठरतो आणि इकडे इंडियन, याचा तिला शीण आला होता.

घरी भर पडत होती ती बाबांच्या सुधारण्याची. वाक्य अर्ध्यात असतानाच "गेलो नाही, गेले!" मग तीही तिथेच थांबायची. यावर उपाय म्हणून मधे अडवणं बंद केलं. ती 'मी लायब्ररीत गेलो' म्हणाली, तर आईने सहज म्हणायचं, "हो का? मीपण काल गेले होते." बरोबर रूप कानावर पडतं, मान खाली जात नाही. रोज पंधरा मिनिटं पोळ्या लाटताना आईने मराठीतच बोलायचं, तिने उत्तर इंग्रजीत दिलं तरी चालेल. तिला "मराठीत सांग" म्हणायचं नाही, पण आपण इंग्रजीवर यायचं नाही. हे दुसरं पाळणं जास्त अवघड जातं.

'मराठीचा उपयोग काय?' हा तिचा सवाल उडवून लावू नका. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू जीसीएसईला (सोळाव्या वर्षाच्या सुमाराची शालेय परीक्षा) घेता येतात, मराठी नाही. हे मुलांना दिसतं. शनिवारचा मराठी वर्ग लादण्याआधी तिच्या वयाची दोन मुलं तिथे येतात का, ते पाहा.

नावाचं मात्र तिच्या संमतीनेच. तिने स्वतःच्या आवाजात नाव रेकॉर्ड केलं, ते आईने फॉर्म ट्यूटरला, म्हणजे वर्गशिक्षकांना, पाठवलं. थट्टा पुढे वर्णावर किंवा वंशावर गेली, तर तारीख, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवा. आधी फॉर्म ट्यूटर, मग हेड ऑफ इयर, म्हणजे त्या इयत्तेचे प्रमुख. भेदभावाविरुद्धचा समानता कायदा २०१० शाळांनाही लागू आहे. मुलाला घराबाहेरच्या कुणाशी बोलायचं असेल, तर मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा नंबर मोफत आहे.

फाटकापाशी इंग्रजी, गाडीचं दार लागलं की मराठी, हा तोडगा तिनेच सुचवला. आईला तो लागला, पण तिने तो पाळला. पुढच्या सुट्टीआधी बाबांनी पुण्याला फोन करून भावाला सांगितलं: पोरीची नक्कल कुणी करायची नाही, आजीनेसुद्धा.